कोपऱ्यातली खूण

थ्योलो, ३ मार्च

फायसन,

पत्र शाईत आहे, म्हणजे ते तुझी बायको एनेलेस तुला वाचून दाखवत असणार. तेव्हा एनेलेस, पहिला नमस्कार तुला. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड. मी हे चार वेळा लिहून काढलं आहे.

आम्ही इथे बरे आहोत. तुम्ही तिथे मांगोचीत बरे असाल, तळ्याला मासे असतील, कोळ्यांची जाळी फाटत असतील आणि ती दुरुस्त करायला ते तुझ्याच दारी येत असतील, असं मी धरून चालते. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. दोनदा ठेवलास. तिसऱ्यांदा लावायची मला लाज वाटली, म्हणून पत्र.

कामाचं सांगते. यंदा आपल्या ब्रेलच्या खोलीतून आठवीच्या परीक्षेला चार मुलं बसायची आहेत. त्यातली मानेसी तुला माहीत नाही, ती तू गेल्यानंतर आली. सोळा वर्षांची आहे. उशिरा शाळेत आली आणि आल्या आल्या सगळ्यांच्या पुढे गेली. पण तिच्या मामानं मला वर्गाच्या दारात उभं राहून सांगितलंय, "बाई, एवढं एकच वर्ष. पास झाली तर खुशाल शिकू दे पुढं. नाही झाली तर मी घेऊन जाणार. आमच्याकडं मका सोलायला हात कमी पडतात." आपल्याकडे मामा बोलला की आईबापांनी तोंड उघडायचं नसतं, हे तुला सांगायला नको.

आणि विज्ञानाचं पुस्तक नाही. सरकारी ब्रेल प्रत पुढच्या वर्षी येणार आहे. ती दरवर्षी पुढच्याच वर्षी येते. जानेवारीत परदेशातून देणगीचे चौदा खोके आले तेव्हा मुलं नाचली होती. उघडले तर आत कुठल्याशा राजघराण्याचा इतिहास सहा खंडांत आणि बर्फावर गाडी चालवण्याचे नियम. मानेसीनं तेही सगळं वाचून काढलं. परवा मला विचारते, "बाई, बर्फावर एकदम ब्रेक दाबायचा नसतो. हे परीक्षेला येईल का हो?"

म्हणून मीच पुस्तक करते आहे. तीनशे बारा पानं. छापील पुस्तक डावीकडे, ठिपके उठवायचं मशीन उजवीकडे, आणि आकृत्यांना तीच आपली सुतळी, वाळू आणि तुरीचे दाणे. मागच्या आठवड्यात उंदरांनी एक अख्खं मूत्रपिंड खाल्लं.

पण पानं बडवून पुस्तक होत नाही, हे तूच मला शिकवलंस. मी डोळस बाई. मी ठिपके पाहते, उजेडाकडे पान तिरपं धरून त्यांच्या सावल्या वाचते. बोटांना ते लागतात की नाही हे बोटांनी वाचणाऱ्यालाच कळतं. शिक्षण खात्याचाही नियम तोच आहे, वाचकाची खूण नसलेलं पुस्तक मुलाच्या हातात द्यायचं नाही, आणि यंदा परीक्षेला बसणाऱ्या मुलाची खूण चालत नाही. तुझी खूण म्हणजे उजव्या खालच्या कोपऱ्यात दाभणानं तिरपे तीन टोचे. मुलं पान हातात आलं की आधी तो कोपरा चाचपायची, आठवतं? खूण सापडली की मगच वाचायला बसायची. तू गेल्यापासून ते काम करणारं इथे कोणी नाही.

तीन वर्षांपूर्वीचं काय लिहू? तुझी खूण असलेली पानं खराब निघाली, ती वाचून आठवीला बसलेला लायटन विज्ञानात नापास झाला, चौकशी बसली, तुला काढलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या हातात काही नव्हतं.

महिनाभर ये. माझ्या घरी राहा. मक्याच्या पिठाची न्सिमा मी अजूनही पातळच करते, तेवढं सोसावं लागेल.

तुझी बाई,
एलिना


थ्योलो, १९ मार्च

फायसन,

एनेलेसचं उत्तर मिळालं. जसं आलं तसं तुला ऐकवते, कारण तिनं काय लिहिलं ते तुला सांगितलंय की नाही मला शंका आहे.

"बाई, तुमच्या शाळेनं या माणसाला चोरासारखं बाहेर काढलं. त्यानं तोंडातून एक शब्द काढला नाही, पण वर्षभर तो धड जेवला नाही. ते मी बघितलंय, तुम्ही नाही. आता गरज पडली तशी आठवण आली होय? आम्ही जाळी शिवतो, पोटाला मिळतं. तुमचं पुस्तक तुम्ही बघा."

एनेलेस, तू लिहिलंस त्यातलं एक अक्षर मी खोडून काढणार नाही. तरी पुन्हा लिहिते आहे. निर्लज्ज म्हण.

मंगळवारी कामवेंडो साहेब येऊन गेले. जिल्हा कचेरीत हे खातं आता त्यांच्याकडे आहे. माणूस वाईट नाही, घाईत असतो. मी तयार पानांचा गठ्ठा पुढे ठेवला. त्यांनी एक पान उचललं, खिडकीकडे धरलं आणि म्हणाले, "झकास. ठिपके दिसतायत की चांगले."

मी म्हटलं, "दिसतायत, साहेब. लागतायत की नाही ते मला ठाऊक नाही."

"वाचक कुठंय तुमचा?"

"शोधतेय."

"तीस एप्रिलपर्यंत खुणेसकट पुस्तक दाखवा. नाहीतर चौघांचीही नावं यंदाच्या यादीतून काढावी लागतील. साधनं नसताना मुलं बसवली म्हणून वरून माझी कानउघाडणी होते." मग दारापर्यंत गेले आणि वळून हसत म्हणाले, "तीन भोकं तर टोचायचीत, बाई. दाभण असेलच की तुमच्याकडं."

 ते गेल्यावर बराच वेळ त्या गठ्ठ्याजवळ उभी होते.

आणखी एक. मानेसीला मी पहिली चाळीस पानं नुसती सरावाला दिली होती. ती हुशार पोरगी, पण काल पाचव्या पानावर अडली. पुन्हा पुन्हा एकाच ओळीवरून हात फिरवत होती. मग हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, "बाई, माझी बोटं बिघडलीत वाटतं. सकाळी भांडी घासते ना, त्यानं असेल."

मी तिला खडसावलं. काहीतरी बोलू नकोस म्हटलं, लक्ष देऊन वाच म्हटलं. ती रडवेली झाली आणि पुन्हा वाचायला लागली. मला तसं बोलायला नको होतं.

फायसन, ये रे बाबा. पंधरा दिवस तरी ये.

एलिना


थ्योलो, २८ मार्च

फायसन,

हे पत्र ठिपक्यांचं आहे. एनेलेसला ते वाचता येणार नाही, कोणालाच येणार नाही, फक्त तुला येईल. म्हणून यात खरं लिहिते. मिनीबसच्या कंडक्टरला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून देते आहे आणि त्याला बजावते आहे की वर पोती ठेवलीस तर तुझ्या बसमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही.

त्या पानांवरची खूण तू केलेली नव्हतीस. मी केली होती.

तू आईच्या मातीला गेला होतास. तिचे विधी लांबले, बारा दिवस झाले तरी तू आला नाहीस, आणि परीक्षेला तीन आठवडे उरले होते. सत्तर पानं वाचायची राहिली होती. मी ती उजेडाला धरून पाहिली. मला सगळं दिसलं. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, फायसन असता तरी त्यानं हेच सांगितलं असतं. तुझ्या खणातलं दाभण घेतलं आणि सत्तर कोपऱ्यांत तीन तीन टोचे मारले. सोपं होतं रे. 

मशीनचा एक खिळा झिजला होता. उजव्या बाजूचा मधला ठिपका कागदावर उठायचा, पण नुसता दिसण्यापुरता, बोटाखाली काही नाही. अर्धी अक्षरं मुलांना वेगळीच वाटत होती. मला ते कळलं नाही, कारण मी पाहत होते.

लायटननं एकदाही तक्रार केली नाही. त्याला तरी कसं कळावं? पान चांगलं आहे की वाईट हे ठरवायला त्याच्याजवळ बोटं सोडून काय होतं? त्यानं कोपरा चाचपला असेल, तुझी खूण लागली असेल, आणि चूक आपलीच हे त्यानं ठरवून टाकलं असेल. निकालानंतर मला म्हणाला होता, "बाई, फायसन सरांनी वाचलेलं मला वाचता आलं नाही. माझी बोटं मेलीत." त्यानंतर त्यानं ब्रेलला हात लावला नाही. मी त्याची पाठ थोपटली आणि म्हटलं, असू दे.

चौकशीला बसलेल्या तिघांनी तुझ्या हातात ती पानं दिली. तू कोपऱ्यावरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "ही खूण माझी नाही. माझा मधला टोचा जरा खाली येतो." ते तिघंही हसले. एक जण म्हणाला, तीन टोच्यांत कसली आलीय सही? तू माझ्या दिशेनं तोंड वळवलंस. मी टेबलाच्या टोकाला बसले होते, माझ्या श्वासावरून तुला कळलं असणार. मी बोलले नाही. निवृत्तीला पाच वर्षं होती, शाळेचं घर होतं, आणि भीती होती. त्यातलं कुठलंही कारण पुरेसं नाही.

तुला तेव्हाच कळलं होतं का, हे मी तीन वर्षं स्वतःला विचारते आहे. कळलं असेल तर तू बोलला का नाहीस? सात वर्षांचा होतास तेव्हा तुझं बोट धरून पहिला ठिपका मीच दाखवला, म्हणून?

आता मानेसी तेच म्हणते आहे. बोटं बिघडलीत म्हणते. मशीन तेच आहे. मधे दुरुस्त करून आणलं होतं, पण खिळा पुन्हा झिजला असेल तर मला कळायची सोय नाही. आणि हेही सांगते, परवा मी दाभण हातात घेतलं होतं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर टोक टेकवलं होतं. मग बाहेर मुलं हसली कशाला तरी, आणि मी ते खाली ठेवलं. मुलं हसली नसती तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

हे तुला कळावं, एवढंच. माफी मागायला तोंड नाही.

बाई


थ्योलो, १२ एप्रिल

फायसन आणि एनेलेस,

एनेलेसची चिठ्ठी काल कंडक्टरनं आणून दिली. ती इथे उतरवते, म्हणजे मी ती नीट वाचली हे तुम्हाला कळेल.

"बाई, तुमचं ठिपक्यांचं पत्र मिळालं. पानं चांगली होती, चुरगळली नव्हती. यानं दोन दिवस त्यावरून हात फिरवला. ओठाला लावून बघितलं, गालाला लावून बघितलं. मग मला म्हणाला, काहीच लागत नाही गं. तीन वर्षं नायलॉनचा दोरा ओढतोय तो, बाई. बोटांच्या टोकांना कातडं आलंय जाड, टाचेला असतं तसं. त्याला कळतं एवढंच, की तुम्ही ठिपक्यांत लिहिलं म्हणजे माझ्यापासून लपवायचं काहीतरी आहे. तो म्हणतो, लपवून ऐकायचं मला काही नाही. शाईत लिहा. मी वाचून दाखवीन."

तुला जाळ्यांकडे मी ढकललं. बोटं मी घेतली तुझी. हे मला सुचलंच नव्हतं. मी मजेत लिहिलं होतं की जाळी फाटत असतील.

ठीक आहे. शाईत लिहिते. एनेलेस, हे मोठ्यानं वाच. मधे थांबू नकोस, आणि शेजारी कोणी बसलं असेल तर बसू दे.

तीन वर्षांपूर्वी विज्ञानाच्या सत्तर पानांवर फायसनची खूण मी टोचली. फायसननं ती पानं वाचली नव्हती, तो आईच्या मातीला गेला होता. पानं खराब होती आणि त्यामुळे लायटन नापास झाला. चौकशीत फायसन खरं बोलला आणि मी गप्प बसले. त्याचा यात काडीचा दोष नाही.

हेच पाच वाक्यांत कामवेंडो साहेबांना लिहून दिलं आहे, प्रत सोबत जोडते. काल स्वतः कचेरीत जाऊन दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला काय अवदसा आठवली? दोन वर्षं राहिली होती ना?"

मी म्हटलं, "हो."

"हे मी फायलीत लावलं तर परत काढता येत नाही. विचार करा. मी बाहेर चहा पिऊन येतो."

ते चहा पिऊन आले तेव्हा मी तिथेच बसलेली होते. त्यांनी शिक्का मारला. परीक्षा होईपर्यंत मला ठेवतात, जूनमध्ये चौकशी. पण तीस एप्रिल ती तीस एप्रिलच. वाचक आणा नाहीतर नावं कापतो म्हणाले, आणि आता तर खूण दोनदा तपासून घेईन म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

फायसन, तुला आता ये म्हणत नाही. म्हणायला काही उरलं नाही. अठरा दिवस आहेत. मानेसीला अजून मी काही सांगितलेलं नाही. ती रोज हाताला शेंगदाण्याचं तेल चोळून येते.

एलिना


थ्योलो, ४ मे

फायसन, एनेलेस,

तुमची चिठ्ठी सोळा तारखेला पोचली होती. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण खाली येतंच आहे. तुम्ही एकच ओळ पाठवलीत: "मला मी निर्दोष आहे हे माहीत होतं, लायटनला स्वतःचं माहीत नाही, त्याला जाऊन सांगा." एनेलेस, अक्षर तुझं होतं पण बोलणं त्याचं होतं. वर्गातही असाच बोलायचा, कमी आणि नेमकं.

लायटन मुलांजेच्या बाजूला चहाच्या मळ्यामागे राहतो. सतरा तारखेला गेले. टेम्पोत उभी राहून अर्धी वाट, पुढे भाड्याच्या सायकलवर मागे बसून चढ. या वयात ते शोभत नाही. सायकलवाला चढावर उतरून ढकलत होता आणि मला ऐकू येईल असं उसासत होता. वाटभर मी घाबरले होते हे सांगायला हरकत नाही.

तो ओट्यावर तूर सोलत बसला होता. उंच झालाय. मी बोलायच्या आधी म्हणाला, "एलिनाबाई. डाव्या पायातली चप्पल अजून फरफटतेय."

त्याची आई मडक्यातून मक्याचा थोब्वा प्यायला घेऊन आली, पण माझ्या हातात दिला नाही, बाकावर ठेवला. मी म्हटलं, तुम्हीपण बसा. मग बरोबर नेलेलं जुनं पान काढलं. त्या सत्तरांतलं एक मी माझ्या पेटीत ठेवलं होतं, का ठेवलं होतं कुणास ठाऊक. ते त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं हात मागे घेतला. "मला येत नाही, बाई. माझी बोटं मेलीत. तुम्हाला माहितीय."

"एकदा लाव."

लावली. पहिल्याच ओळीवर थांबला. "हे तेच आहे."

"हो, तेच."

"नाही येत."

"हे कोणालाच येणार नाही, लायटन. फायसनलाही आलं नसतं. त्यानं हे वाचलेलंच नाही. खूण मी केली होती." आणि मी त्याच्या मांडीवर दुसरं पान ठेवलं. त्यावरचे सगळे ठिपके मी आदल्या दिवशी ब्रेलची पाटी घेऊन हातानं टोचले होते, मशीनवर विसंबले नव्हते.

तीन वर्षांनी हात लावत होता. पहिला शब्द लावायला एवढा वेळ लागला की आई उठून उभी राहिली. मग तो वाचायला लागला. "पाणी... तापलं... की... त्याची... वाफ होते." पुढची ओळ वाचली. त्याच्या पुढची वाचली. आई तोंडाला कापड लावून मागे चुलीकडे गेली. मी बसून राहिले.

मग तो म्हणाला, "तुम्ही ती सत्तर पानं तपासली होती?"

"हो."

"कशी?"

"डोळ्यांनी."

"म्हणजे कोणीच वाचली नव्हती." त्यानं पान बाजूला ठेवलं. "तीन वर्षं, बाई. आई मला जत्रेत वैदूकडं घेऊन गेली होती, बोटांसाठी. त्यानं चटके दिले. हे बघा." त्यानं हात पुढे केला. मी ते पाहिलं, फायसन. दोन्ही हातांच्या मागे पांढरे डाग आहेत. टोकांना नाहीत, देवाची दया.

मी म्हणाले मला माफ कर. तो म्हणाला, "तुम्ही आता जा." थोब्वा तसाच राहिला. मी त्याला वाचक म्हणून ये असं विचारलंच नाही. विचारायला गेले होते, पण ते डाग पाहिल्यावर जीभ रेटेना. मानेसीचं फक्त सांगितलं, की एक मुलगी आहे, ती तुझ्यासारखंच बोलते आहे. आणि निघाले.

अठरा गेली, एकोणीस गेली, वीस गेली. मशीन ब्लॅंटायरला नेऊन नवा खिळा बसवून आणला. आणल्यावर खरंच बसला आहे की नाही कोणाला विचारायचं? मानेसीच्या मामाचा निरोप आला की मेच्या अखेरीस न्यायला येतो, निकाल काय लागायचा तो कळलाच आहे. मी त्याला उलट निरोप पाठवला नाही, पाठवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

एकवीसला दुपारी फाटकाशी भाड्याच्या सायकलची घंटी वाजली. लायटन. पाठीवर पिशवी, हातात काठी. मला म्हणाला, "मानेसी कोण?"

मी तिला बोलावलं. तो तिच्या आवाजाच्या दिशेनं वळला आणि म्हणाला, "तुझी बोटं ठीक आहेत. बाई खराब आहेत." वर्ग हसावं की नाही अशा पेचात पडला. मानेसी हसली. मग रडली. मग म्हणाली, "मग मी एवढं तेल का चोळत होते?"

आल्या आल्या त्यानं पहिला गठ्ठा मागितला. मी शेजारी बसले तर म्हणाला, तुम्ही लांब बसा, तुमचा श्वास ऐकू येतो. तासाभरात मला अकरा पानं परत दिली. "नापास." मी उजेडाला धरून पाहिली, सवय जात नाही. मला सगळं नीट दिसत होतं. त्यानं माझं बोट धरलं, फायसन, जसं मी तुझं धरलं होतं, डोळे मिटा म्हणाला, आणि एका ठिपक्यावर टेकवलं. "उजवीकडचा मधला. लागतोय?"

काही लागत नव्हतं.

नव्या खिळ्यानं सगळी पुन्हा केली. मी बडवायची, तो वाचायचा, मानेसी आणि बाकीची तिघं आकृत्यांना दाणे चिकटवायची. दाणे उंदरांसाठी कडू तेलात बुडवून घेतले, ती युक्ती मानेसीची. लायटननं मला नऊ दिवसांत एकदाही चांगलं म्हटलं नाही. जेवायला बसला की न्सिमा पातळ झालीय एवढंच बोलायचा.

तीस तारखेला सकाळी कामवेंडो साहेब आले. पानं चाळली, दोन-चार खुणा पाहिल्या आणि म्हणाले, "हा मुलगा आठवी नापास आहे ना? नापास मुलाची खूण कशी धरायची मी?"

मी उत्तर द्यायच्या आधी लायटन म्हणाला, "साहेब, हा वरचा गठ्ठा घ्या. त्यात जुन्या खिळ्याचं एक खराब पान मी मुद्दाम खूण न करता ठेवलंय. तुमच्या डोळ्यांनी ते ओळखलंत तर माझी खूण काढून टाका."

साहेबांनी खरंच पानं काढली. कोपरे झाकून खिडकीत धरली, चष्मा वर केला, खाली केला. दोनदा चुकीचं पान सांगितलं. मग मानेसीपुढे ती सगळी टाकली आणि म्हणाले, तू सांग. तिनं तिसऱ्याच पानावर बोट थांबवलं. कोपरा चाचपला. खूण नव्हती. साहेबांनी चष्मा खिशात ठेवला. शिक्का काढला आणि मारला. चारही नावं यादीत आहेत. परीक्षा वीस तारखेला.

लायटन यंदा बसू शकत नाही, नावं जानेवारीतच जातात. पुढच्या वर्षी बसतो म्हणाला. मी तेव्हा इथे असेन असं नाही. जूनमध्ये घर सोडावं लागेल असं दिसतंय. तुझ्या नावापुढची ती नोंद खोडायची मागणी मी पुन्हा एकदा लिहून दिली आहे. खोडतील की नाही सांगता येत नाही, पण कामवेंडो साहेबांनी ती माझ्यासमोर फायलीत लावली.

सोबत एक पान पाठवते आहे. पहिलंच. पाण्याची वाफ होते ते. लायटनला सांगितलं की फायसनची बोटं जाळ्यांनी जाड झाली आहेत, त्याला आता काही लागत नाही. त्यानं ते पान माझ्याकडून मागून घेतलं. मग कागदाखाली घोंगडी घडी करून घातली, दाभण मुठीत धरलं आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन टोचे मारले. इतके खोल की मधला कागदाच्या आरपार गेला.

मधला जरा खाली आहे. एनेलेस, त्याचा हात तिथे नेऊन ठेव.

एलिना